उरलेली फील्डं

४ मार्च
आजही घरी आले तेव्हा दादा कप विसळत उभा. दोन वर्षं झाली नोकरी जाऊन! त्याच्या प्रोग्रॅमने लिफ्ट भलत्याच, फरशी उखडलेल्या मजल्यावर थांबली, बाहेर पडताना एका बाईचा पाय मोडला, कंपनीने त्याला काढलं. कंपनी माझीच – तो लिफ्टच्या विभागात, मी कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या. चौकशीत त्याने तोंड उघडलं नाही. घरी मात्र एकच पालुपद, माझा कोड बरोबर होता. नाचता येईना अंगण वाकडं!

५ मार्च
हेच त्याला तोंडावर ऐकवलं. आई जेवली नाही.

९ मार्च
एका गिऱ्हाइकाची तक्रार. स्ट्रक्चरमधली पहिली दोन फील्डं, म्हणजे माहितीचे खण, आपण भरली, तर उरलेली कंपायलरने शून्य करायची – नियमच आहे. आमचा करत नाही. मेमरीत आधीचा जो कचरा असेल तो तसाच ठेवतो. आमच्या चाचण्यांत हे दिसणार कसं? प्रत्येक चाचणीआधी मशीन नव्याने सुरू करतो, मेमरी कोरी, सगळं आयतंच शून्य. आणि आम्ही आपलीच पाठ थोपटतोय.

११ मार्च
दुरुस्त केलं. चार ओळी. साहेब खूश.
मग कोण जाणे का, दादाचा जुना कोड काढला. पहिली दोन फील्डं भरलेली, तिसरं सोडलेलं – थांबायचा मजला, शून्य म्हणजे तळमजला. कचरा असलेल्या मेमरीवर चालवला. जुन्या कंपायलरने सातव्या खेपेला भलता मजला. दुरुस्त केलेल्याने शंभर वेळा बरोबर.
अंगणच वाकडं होतं. मीच शेणाने सारवलेलं.
साहेब म्हणाले, "जुनी मढी कशाला उकरतेस?"

१२ मार्च
हा दोष आधी कुणी कळवला होता का, पाहिलं. कळवला होता, दादाची चौकशी चालू असतानाच. तक्रारी आमच्याकडे नुसत्या नंबराने येतात, वशिला नको म्हणून. सोबत दहा ओळींचा कोड. दहा मिनिटांत उत्तर गेलेलं – "आमच्या मशीनवर नीट चालतं. चूक तुमच्या कोडमध्ये. बंद." खाली माझं नाव.
मला आठवतसुद्धा नाही. लाज वाटते.

१३ मार्च
सगळं लिहून काढलं, चौकशी समितीच्या नावे. कागद दादापुढे ठेवला. त्याने हात पुसले, पण वाचला नाही.
"माझ्या तक्रारीच्या उत्तराखाली तुझं नाव तेव्हाच पाहिलं होतं," म्हणाला. "आईला सांगू नकोस."