केबिन सोडली, दादा

दादा,

हो, मॅनेजरची केबिन मी सोडली. मालकांनी काढलं नाही, कुणी कान भरले नाहीत. मीच किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

तू नातेवाइकांत मिरवत होतास, "धाकटी सलूनची मॅनेजर झाली, आता कुणाचे केस कापत नाही!" जणू केस कापणं हे माझं दुखणंच होतं आणि ते एकदाचं बरं झालं.

खरं सांगू? मॅनेजर म्हणून मी बेकार होते. हाताखाली शिकणाऱ्या पोरींपैकी एखादीचा हात जरा अडखळला, की केबिनमधून धावत जायचे आणि तिची कात्री काढून घ्यायचे. गिऱ्हाईक खूश, मी खूश, आणि ती पोरगी हाताची घडी घालून बाजूला उभी. परवा त्यांतली सगळ्यात हुशार पोरगी सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, तुम्हीच कापा. मी दुसरीकडे शिकते." आणि गेली.

मग मी मालकांना म्हटलं, केबिन केस धुणाऱ्या मावशींना द्या. कुणाला दटावायचं आणि कुणाला धीर द्यायचा, ते त्यांना बरोबर कळतं. मला कात्री द्या. मावशींनी पहिल्याच दिवशी त्या पोरीला फोन करून परत बोलावलं.

डोकं फिरलंय म्हणशील. खुशाल म्हण. हे पत्र पाठवत नाही, कारण तू लगेच फोन करशील आणि मला बोलूच देणार नाहीस. रविवारी केस कापायला येशीलच. गळ्याभोवती कापड बांधलं आणि तू मान खाली घातलीस, की सगळं सांगेन.

तेव्हा मात्र हलायचं नाही.

तुझी,
केस कापणारी बहीण