दिव्या अजून थांब्यावरच

३ फेब्रुवारी, सोमवार
अर्धं पान! चाकणला तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली म्हणून जमलं. बाकीचे ट्रॅफिकला शिव्या घालत होते, मी मनातल्या मनात आभार मानत होते. पण कादंबरी तिथंच — माझी दिव्या नवऱ्याचं घर सोडून निघालीय, पिशवी घेऊन आळंदीच्या थांब्यावर उभी आहे, निगडीची बस यायचीय. तिला चढवावं की परत पाठवावं, ठरतच नाही. दिवाळीपासून उभी आहे बिचारी.

४ फेब्रुवारी
एक ओळ. तीही खोडली.

९ फेब्रुवारी, रविवार
सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून लिहिलेलं सगळं मीच त्यांना वाचून दाखवते. आज लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "ती पोरगी अजून थांब्यावरच हाय व्हय गं? पाय दुखत असतील तिचं. बाकड्यावर तरी बसव."
शेखरनं पेपरातून डोकं वर काढलं — "बायको, रिक्षा करून दे तिला. भाडं मी देतो!"
खूप हसलो. मग बसवलं बाकड्यावर. हीसुद्धा प्रगतीच म्हणायची!

१७ फेब्रुवारी
कंटाळून जुनं बालनाट्य काढलं. त्यातला राजा दुसऱ्या प्रवेशात आंघोळीला गेलाय, तो अजून बाहेर आलेला नाही. माझी सगळीच माणसं कुठं ना कुठं अडकलेली!

२३ फेब्रुवारी, रविवार
आज वैतागून जाहीर केलं — कादंबरी बंद!
सासूबाई भडकल्याच. "बंद कशी? खाली कट्ट्यावर समद्या बाया रोज इचारत्यात, पुढं काय झालं म्हून. कुसुमताई तर म्हणत्यात, माघारी गेली तर मी तिच्याशी बोलणारच न्हाई!"
मी बघतच राहिले. मला वाचक आहेत! आमच्याच सोसायटीच्या कट्ट्यावर!
"तुम्हाला काय वाटतं, आई? जावं तिनं?"
त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. "मी बी निघाले व्हते एकदा. शेखर कडंवर. यष्टी आली, दार उघडलं... म्हशींच्या धारा राहिल्यात म्हून माघारी फिरले." आणि हसल्या. "शेखरला सांगू नगंस."
मला नाही हसता आलं.

२४ फेब्रुवारी
तळेगाव चौक सुटेपर्यंत तीन पानं! बोटं दुखली, तरी थांबले नाही.

२५ फेब्रुवारी
दिव्या बसमध्ये चढली. सासूबाईंना वाचून दाखवलं. हातातला लसूण त्यांनी खाली ठेवला. मग हळूच —
"तिच्या शेजारची जागा रिकामी हाय का गं?"
"आहे."
"मग मला बसव तिथं."