शेजारणीचे दात

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे, तेव्हा राग गेला म्हणून लिहितेय अशा भ्रमात राहू नकोस. फोन केला असता, पण हल्ली ‘स’ म्हटलं की माझ्या तोंडातून शिट्टी वाजते. ती ऐकून तू फिसकन हसली असतीस, मी फोन आपटला असता आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहितेय. सलग वाच, मधे उठू नकोस.

येत्या गुरुवारी माझ्या पुढच्या दातांवर चिकटवलेले सहाही व्हेनिअर काढणार आहेत. त्या पांढऱ्याशुभ्र चकत्या नुसत्या उचकटून निघत नाहीत गं, मशीनने घासून काढाव्या लागतात. आणि खाली माझे दात आहेत ते नावापुरते. पहिल्या त्या चकाचक दवाखान्यात चकत्या बसाव्यात म्हणून इतके घासून ठेवलेत की गार पाणी लागलं तरी डोळ्यांत टचकन पाणी येतं. आताच्या डॉक्टरीणबाई स्वभावाने शांत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय, की या वेळी बसवू ते शेवटचं. पुन्हा चुकलं तर घासायला दातच उरणार नाही, मग सरळ टोप्या नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यातच बसले.

तुला वाटतं मी नटवेपणा केला. सगळ्यांना तसंच वाटतं. पण तू कधी विचारलंस का, या वयात हिला हे का सुचलं? माझ्या वर्गातली मुलं, ज्यांना ऐकू येत नाही, ती सकाळपासून शाळा सुटेपर्यंत कुठे बघतात? माझ्या तोंडाकडे. फळ्याकडे नाही, पुस्तकाकडे नाही, माझ्या ओठांकडे. आणि मी ही अशी, लहानपणापासून हसताना तोंडावर हात धरणारी. वर्गात तो हात खाली ठेवायला मला किती जड जायचं हे तुला कळणार नाही, तुला कधी लाज वाटलीच नाही. मला वाटलं, बिचारी दिवसभर हेच बघतात, तर निदान चांगलं काहीतरी दिसू दे. घे, हसायचं असेल तर हस.

झालं काय, तर बट्ट्याबोळ. चकत्या जाड, लांब आणि सगळ्या एकसारख्या. ‘प’ म्हणताना ओठ नीट मिटत नाहीत, मधे दात येतात. मी ‘पाटी’ म्हणते आणि मुलं वाटी आणून देतात. वरून ट्यूबलाइटचा उजेड दातांवर असा चमकतो की मुलं डोळे बारीक करतात. सुरुवातीला वाटलं, सवय होईल. मग हळूहळू ती माझ्याकडे बघेनाशीच झाली. आमच्या वर्गात एक चिमुरडी आहे, मी तिला मुंगी म्हणते. ही माझ्या हनुवटीला बोट लावून शब्द वाचायची, तिचं पहिलं ‘आई’ तिने माझ्या तोंडावरून उचललं. मागच्या आठवड्यात मी तिला तीन वेळा एकच शब्द सांगितला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग वळून मदतनीस बाईंकडे गेली आणि त्यांची हनुवटी धरली. मोठ्या बाईंनीही ते दारातून बघितलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, सुट्टीनंतर बघू, नाही जमलं तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे देऊ, तुम्ही ऑफिस सांभाळा. ऑफिस! मी तिथे काय करू, कपाटांशी बोलू?

तर डॉक्टरीणबाईंना हवं होतं माझे मूळचे दात कसे होते ते. कुठला कुठे वळलेला, किती लांब, कुठे फट. ओठांना त्यांचीच सवय आहे म्हणे, अंदाजाने नवे केले तर पुन्हा तीच गत व्हायची. पहिल्या दवाखान्यात साचे मागायला गेले, तर तिथल्या पोरीने खांदे उडवले, कधीच टाकून दिले म्हणाली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग घरातले सगळे फोटो उपसले. एकात तरी माझे दात दिसावेत? छे! शाळेपासून लग्नापर्यंत हात तोंडावर नाहीतर ओठ गच्च मिटलेले. आणि प्रत्येक फोटोत शेजारी तू, पडजीभ दिसेल इतकं तोंड उघडून हसणारी.

त्यातला एक डॉक्टरीणबाईंनी उचलला आणि भिंगातून बघत बसल्या. पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला, बाजूचा सुळा किंचित आत. त्यांनी विचारलं, या कोण? आणि मी म्हटलं, शेजारीण. खरंच म्हटलं गं. तोंडातून गेलंच. मावशीकडे भरल्या घरात तू म्हणाली होतीस ना, बाथरूमच्या टाइल्स लावून आलीस का, आणि सगळे खो खो हसले, माझी भाचरंसुद्धा, मी पानावरून उठून गेले आणि तू मागून आलीसुद्धा नाहीस, ते सगळं त्या खुर्चीत डोक्यात चढलं. नंतर तू एवढंच कळवलंस, की चेष्टा होती. चेष्टा! जळफळाट याचा जास्त होता की तू बोललीस ते खरंच होतं, टाइल्ससारखेच दिसतात मेले. डॉक्टरीणबाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्या नाकाडोळ्यांकडे, आणि फोटो परत दिला.

काल मी त्यांच्याकडे पुन्हा गेले आणि सांगून टाकलं, की ही माझी सख्खी मोठी बहीण आहे, आमचे दात लहानपणापासून एका साच्यातले, शाळेतल्या दातांच्या डॉक्टरांनी दोघींना एकच समजून एकीला तपासलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, मग त्यांनाच बोलवा, फोटोवरून भागायचं नाही, त्यांच्या दातांचं माप मिळालं तर मला अंदाज करावा लागणार नाही. ताई, बुधवारी सकाळी ये. पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, नाहीतरी तोंडात तो माप घ्यायचा लगदा भरल्यावर कुणाला बोलता येत नाही. माफी नको, काही नको. भांडण आपण नंतर सावकाश पुरं करू. पण मला माझं तोंड परत हवंय, आणि माझे दात आता फक्त तुझ्याच तोंडात उरलेत. पोटभर खाऊन येऊ नकोस, त्या लगद्याने उमासे येतात. मी खाली दारातच उभी असेन.

तुझीच,
धाकटी