मुहूर्ताची खुरपी

२४ ऑगस्ट, रविवार
सोसायटीची जनरल मीटिंग. बिल्डिंगला बाहेरून रंग लागणार, म्हणून गणपतीनंतर ग्रिलमधल्या कुंड्या उतरवायच्या. शिवाय मागच्या भिंतीलगतचा मातीचा पट्टा फुकट पडलाय, तिथे पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटर पार्किंग करायचं. आमच्या हिचा, विजयमालाचा, चेहरा पडला. तिचा जीव त्या कुंड्यांत. अनंत, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता. सगळं तिने फांद्या, ठोंब लावून वाढवलेलं.
मी उभा राहिलो. म्हणालो, पट्टा मला द्या, बाग करून दाखवतो. सेक्रेटरी प्रीतम सानपाडा गावातलाच. म्हणाला, काका, टेन्शन नाय, दसऱ्यापर्यंत जागा तुमची. पन दसऱ्याला झाडं दिसली नाय तर ब्लॉक बसनार. टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरच्या किसनरावने वाजवल्या नाहीत. त्याच्या घरात स्कूटर तीन.
घरी येताना विजयमाला म्हणाली, उद्याच लावून टाकू, पावसाने माती मऊ आहे. बायकांना घाई फार. आधी हत्यार, मग काम. तीस वर्षं परचेसमध्ये काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
जुईनगरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. हातात धरून वापरायची खुरपी दाखवा म्हटलं. त्याने गवंड्याची थापी पुढे केली आणि विचारलं, बाथरूमचं लीकेज का? मग आतून पत्र्याची हिरवी खुरपी आणली. दांडा हलत होता. म्हणाला, काका, ठोकून घ्या, बसेल. रिजेक्ट.
घरी येऊन स्पेसिफिकेशन तयार केलं. पातं आणि मान एकसंध. गंज नको. मूठ तळहातात भरणारी. पात्यावर खोलीच्या खुणा.
विजयमालाने जुना कालथा आणून टेबलावर ठेवला. म्हणाली, अहो, मी इतकी वर्षं याच्यानेच करते. मी तो स्पेसिफिकेशनच्या कागदावर वजन म्हणून ठेवला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
गणपतीत काम शक्य नव्हतं. मात्र अभ्यास चालू. ऑनलाइन रिव्ह्यू वाचतोय. एकाने लिहिलंय, उत्तम. दुसऱ्याने लिहिलंय, मान वाकली. तिसरा म्हणतो, पार्सलचा खोका छान होता. या देशात कोणी जबाबदारीने लिहीत नाही.
तीन मॉडेल शॉर्टलिस्ट. तुलनात्मक तक्ता उद्या.

९ सप्टेंबर, मंगळवार
तक्ता पूर्ण. निवडही जवळपास झाली होती. पण काल पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवीन वस्तू घरात येऊ नये. विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, मग सकाळी वांगी कशी आणलीत? म्हटलं, वांगी ही कॅपिटल आयटम नाही.
परांची बांधायला माणसं आली. कुंड्या जिन्यात उतरवल्या. म्हणजे तिने उतरवल्या. मी कुठे काय ठेवायचं ते सांगत होतो.

१४ सप्टेंबर, रविवार
साइट व्हिजिट. पट्ट्याचं माप घेतलं. प्रीतम वरून ओरडला, काका, मापच घेता का काय, खड्डा कधी? सांगितलं, प्लॅनिंग चालू आहे. किसनराव स्कूटर पुसत उभा होता. म्हणाला, हौसेराव, बोअरवेल मारताय की मेट्रो? मी हसलो. मोठ्या कामात टवाळी होतेच.
व्हिडिओ पाहून पकड शिकलो. अंगठा वर, मनगट सरळ. सराव भाताच्या पातेल्यात केला. विजयमालाने पातेलं काढून घेतलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जिन्यात सावलीत राहून अनंताच्या कळ्या गळल्या. वरच्या मजल्यावरून तक्रार आली, कुंड्यांमुळे डास होतात. विजयमालाने मोगरा आणि गवती चहा सारसोळ्याच्या नमिताला देऊन टाकला. नमिता तिच्या भजनी मंडळातली. स्वतःचं घर, पुढे मोकळं अंगण. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर पितृपक्षाचे दोनच दिवस राहिलेत, हे सांगितलं असतं.
तिच्यात धीर नाही. प्रोजेक्ट असेच फसतात.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. सकाळी घटासाठी काळी माती हवी होती. मी उठायच्या आत विजयमाला पट्ट्यावर जाऊन कालथ्याने टोपलीभर माती घेऊन आली. म्हटलं, वा, सॉइल सॅम्पल मिळालं. ती म्हणाली, खाली अजून मऊ आहे, आज खड्डे होतील, कढीपत्ता आणि अनंत तरी वाचेल. कळकळीने म्हणाली. मी शब्द दिला. आज ऑर्डर देतोच.
दिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार
खुरपी आली! स्टेनलेस स्टील, आरशासारखी. पात्यात स्वतःचा चेहरा दिसतो. विजयमालाने हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, आमटी वाढायला बरी आहे.
लगेच खाली गेलो. अंगठा वर, मनगट सरळ. वरची बोटभर माती निघाली आणि खण्णकन आवाज. खाली भराव. टाइल्सचे तुकडे, स्लॅबचे गोटे, एक टूथब्रश. बिल्डरने खाडीकाठची जमीन कशाने भरली ते कळलं. दुसऱ्या घावाला पात्यावर ओरखडा! काम ताबडतोब थांबवलं.
विजयमाला म्हणाली, ही कुंडीतल्या मातीची खुरपी, जमिनीला पहार लागते. परांचीवाल्यांकडे आहे, मागते. म्हटलं, अजिबात नाही. पहार स्पेसिफिकेशनमध्येच नाही.
विक्रेत्याला ओरखड्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, फक्त भुसभुशीत मातीसाठी. पाकिटावर हे बारीक अक्षरात होतं. फसवणूक!

२८ सप्टेंबर, रविवार
तीन दिवस पाऊस नाही. पट्टा कडक झाला. यात माझा दोष काय?
अनंत गेला. विजयमालाने वाळलेली फांदी मोडून पाहिली, आत हिरवं नव्हतं. कुंडी धुऊन उलटी ठेवली. मीच म्हणालो, अनंत नाजूकच असतो.
आता फक्त कढीपत्ता. पण एक झाड असलं तरी बागच. प्रीतमची अट झाडं दिसण्याची होती. किती, हे मिनिट्समध्ये नाही. दसऱ्याच्या मुहूर्तावर खड्डा करायचा, हे नक्की केलं. सकाळी साडेनऊ. दसऱ्याला सुरू केलेलं काम फसत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. हत्यारांची पूजा. पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हर, माझा जुना कॅल्क्युलेटर आणि मध्ये खुरपी. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. ओरखडा कुंकवाखाली झाकला. फार शोभली.
काल संध्याकाळी कुठल्याशा पोरांनी भराव उकरून, पाणी मारून सैल केलाय, असं विजयमाला म्हणाली. कोणी, कशाला, ते तिला माहीत नाही. म्हणाली, अहो, आजच लावा, पाया पडते. म्हटलं, पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. आपल्या कराडला कधी उचललं होतं का? ती म्हणाली, कालथा पूजेत नाही. म्हटलं, शब्द मी दिलाय, कालथ्याने नाही. उद्या साडेनऊ.
माती कोणी सैल केली? लोकांना माझ्या कामाची किंमत कळायला लागली असावी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ
दसरा. धुतलेला सदरा घातला. पाटावरून खुरपी घेतली. विजयमालाने कढीपत्त्याची कुंडी कडेवर घेतली. सव्वानऊला खाली पोचलो.
पट्ट्याच्या कडेला पेव्हर ब्लॉकची रास. झेंडूची माळ. नारळ. सात-आठ सभासद उभे. ब्लॉकवाल्या ठेकेदारानेही दसऱ्याचाच मुहूर्त धरलेला. पाणी त्याच्याच पोरांनी मारलं होतं.
मी म्हटलं, प्रीतम, दसऱ्यापर्यंत जागा माझी होती. तो म्हणाला, काका, दसरा आलाच ना. आनि झाड कुठंय? म्हटलं, हे काय, आत्ता लावतोय. सगळ्यांनी कुंडीकडे पाहिलं. कढीपत्त्याला पानं फार नव्हती. किसनराव म्हणाला, हौसेराव, ते झाड आहे की उदबत्ती?
मी कडक शब्दांत उत्तर देणार, एवढ्यात प्रीतमचं लक्ष खुरपीकडे गेलं. म्हणाला, अरे वा, हलदकुंकू लावलेली! काका, कामगार उशिरा येनार, मुहूर्ताला हत्यार नाय. तुमीच मारा पहिली. आमच्यात तुमीच सीनियर.
आता सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? आणि खरं तर बरोबरच होतं. एवढी तयारी दुसऱ्या कोणाची होती?
अंगठा वर, मनगट सरळ. माती लोण्यासारखी निघाली. पात्यावरच्या खुणेप्रमाणे बरोबर चार इंच. नारळ फुटला. टाळ्या. यावेळी किसनरावनेही वाजवल्या. मी म्हणतच होतो, खुरपीची निवड चुकलेली नाही.

२ ऑक्टोबर. दुपार
भूमिपूजनाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. मी वाकलेलो, खुरपी झळकतेय. पुष्कळ अंगठे. फोटोत विजयमाला नाही. टाळ्या चालू असतानाच ती कुंडी घेऊन गेटबाहेर पडली आणि रिक्षाने सारसोळ्याला गेली. तासाभराने आली, रिकाम्या हाताने. नखांत माती होती.
जेवायला पुरणपोळी. कटाची आमटी नेहमीसारखी लागली नाही. विचारलं, कढीपत्ता नाही घातलास?
म्हणाली, संपला. खुरपी टाकू का फोडणीत?