गुलाबी लूर आणि प्रवीणचा खिसा

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
दिवाळीचे पाहुणे गेले. सुटलो.
मामाजी, म्हणजे सासरे, टायफॉइडनंतर आमच्याकडेच आहेत. तोंडाला चव नाही. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. आज म्हणाले, मरळ माशाचा रस्सा असता तर जेवलो असतो. साडू प्रवीण लगेच पुढे. म्हणे, पुढच्या वेळी येताना घेऊन येतो. मी सर्वांसमोर जाहीर केलं, विकतची नाही, आपल्या तलावातली, माझ्या हातची मरळ खाऊ घालीन. प्रवीण हसला. तोंडातली चकली न गिळता हसला. हे मी विसरणार नाही.

६ नोव्हेंबर
पार्सल आलं. रॉड, रील, बारा लूर. लूर म्हणजे प्लास्टिकचा खोटा मासा. गांडुळं चिवडणं आपल्याला जमत नाही.
कॅनडातल्या एका गोऱ्याचे सामन माशावरचे सतरा व्हिडिओ पाहून झालेत. निवळ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात पोपटी, आभाळ असेल तर गुलाबी. सामन काय नि मरळ काय, डोळे दोघांनाही दोनच. बाराही लूर छतावरच्या टाकीत बुडवून पाहिले. गुलाबी सर्वांत उठून दिसतो. पुनम खालून ओरडली की त्या टाकीचं पाणी आपण पितो. बायकोला सायन्स नको असतं.
प्रत्येक लूरच्या पोटावर मार्करने ‘बापूराव’ लिहिलं. या घरात प्रवीणसारखे लोक येतात.

८ नोव्हेंबर, सकाळी ६
तलाव. चंदेरी.
सकाळी १०: शिंगाड्याचे वेल अकरा, मासे शून्य. शिंगाडा नथ्थू ढिवराचा, म्हणून त्याचं तोंड वाकडं. डोंग्यातून, म्हणजे त्याच्या छोट्या होडीतून, मला सल्ला देतो की बाबू, हे पाणी चहावानी हाय, मासा रंग नाई पाहत, हालते ते खाते. आयुष्य गेलं याचं जाळं टाकण्यात, व्हिडिओ एक पाहिला नाही. अशा माणसाशी काय बोलायचं!

१० नोव्हेंबर
प्रवीण मामाजींचं टॉनिक घेऊन भद्रावतीहून आला. टॉनिक आपल्या सिंदेवाहीतही मिळतं. शायनिंग, दुसरं काय?
माझा डबा न विचारता उघडला. एकेक लूर हातात घेऊन पाहिला. गुलाबी जरा जास्तच वेळ धरला. म्हणाला, बापूभाऊ, हे पोरीच्या केसाले लावाचं हाय का? पुनम हसली. बायको नेमकी कोणाची आहे, हे एकदा तिला विचारायला पाहिजे.

१२ नोव्हेंबर
आभाळ. म्हणजे गुलाबी.
कमळाच्या पानांजवळ टाकला. दोन झटके, थोडा दम, पुन्हा दोन झटके. अगदी गोऱ्यासारखं. सात वाजून दहा मिनिटांनी रॉड एकदम वाकला, रील किरकिरली, दोरी तुटली. पाण्यात मोठी खळबळ झाली. बुडालेलं खोड असावं. खोडं हलतात कधीकधी.
नथ्थू डोंग्यातून हात हलवून काहीतरी ओरडत होता. मी पाठ फिरवली.
गुलाबी गेला. घरी सांगायचं नाही. प्रवीणपर्यंत पोचायला अर्धा तास लागणार नाही.

१३ नोव्हेंबर
पुनमने डबा पुसला. अकराच निघाले. गुलाबी कुठी गेला, म्हणाली. मी म्हणालो, परवा प्रवीण हाताळत होता ना. एवढंच म्हणालो. आरोप केला नाही, फक्त नाव घेतलं.

१५ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. त्या दिवशी निघताना प्रवीणच्या पँटचा खिसा फुगलेला होता. उजवा.

१७ नोव्हेंबर
पुनमने बहिणीला, म्हणजे प्रवीणच्या रिनाला, फोनवर सहज विचारलं. रिना भडकली. माझा नवरा काय चोर आहे का, आता तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, वगैरे. पुनम तासभर मोरीत रडली. मामाजी आज एकच घास जेवले. दोन पोरी भांडून राह्यल्या, घास उतरत नाई, म्हणाले.
एका प्लास्टिकच्या माशासाठी माणसाने दोन घरं फोडावीत! प्रवीण इतका खालच्या पातळीला जाईल असं वाटलं नव्हतं.

२० नोव्हेंबर
पोपटी. नवीन टेक्निक: तळापर्यंत सोडायचा आणि उचकायचा. चिखल आला. एक चप्पल आली, डाव्या पायाची.
नथ्थू डोंगा जवळ आणून सुरू झाला, बाबू, त्या दिवशी तुमाले... मी हात दाखवून गप्प केलं. मला सल्ले नकोत.

२४ नोव्हेंबर
मामाजींचं पोट पाठीला लागलंय. पाहवत नाही. उद्यापासून पहाटे पाचला तलावावर. लाल लूर. पक्कं.
पुनमने पुन्हा विचारलं, तुम्ही गुलाबी तलावावर नेला तर नव्हता ना? मी म्हणालो, मामाजींची शपथ, नाही नेला. मामाजी समोरच बसले होते. त्यांनी ताट सरकवलं.

२५ नोव्हेंबर
थंडी होती. गेलो नाही.

१ डिसेंबर, दुपार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
अकरा वाजता प्रवीण आला. एकटा. हातात पाण्याची बादली. माझ्याशी बोलला नाही. बादली मामाजींच्या खाटेजवळ ठेवली. आत जिवंत मरळ, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. तिच्या जबड्यात गुलाबी लूर.
नथ्थूच्या जाळ्यात सकाळी सापडली म्हणे. प्रवीण मामाजींना पाहायला येत होता, नथ्थूने त्याला रस्त्यावर थांबवून दिली, की बाबूची अमानत आहे, बाबू तर माझं ऐकूनच घेत नाही. बारा तारखेला तो हेच ओरडत होता, मरळ लागली, ढील द्या.
पुनम दारात उभी होती. मी म्हणालो, हा लूर माझा नाही. असे बाजारात खूप मिळतात.
मामाजींनी चष्मा लावला. मासा हातात धरला, उलटा केला, आणि लूरच्या पोटावरची अक्षरं एकेक करून वाचली. बा. पू. रा. व.
मग म्हणाले, "मासा तं तुमच्याच गळाले लागला होता, जवाईबापू. मंग ह्याचं नाव काऊन घेतलं?"
खोडाचं सांगणार होतो, त्याऐवजी आत जाऊन लूरचा डबा आणला. लाज वाटली. फार.
प्रवीणने लूर काढला, नळाखाली धुतला आणि डब्यात त्याच्या खाचेत ठेवला. बारा झाले. मग रिनाला फोन लावून पुनमच्या हातात दिला.
मामाजी पोटभर जेवले. रस्सा दोनदा मागितला. प्रवीणला डोकं वाढलं. मला शेपूट.

२ डिसेंबर
मरळीला गुलाबी रंग लागतो, हे आता सिद्ध झालं. गोरा बरोबर होता. मी बरोबर होतो.
घरात कोणाला सांगायची सोय नाही.