लेकीचा युनिफॉर्म आत घेतला

३ जुलै, बुधवार
लेकीचा युनिफॉर्म पुन्हा कमरेत आत घेतला. महिन्यात दुसऱ्यांदा. वीस वर्षं लेडीज टेलर आहे, माझं माप चुकत नाही. म्हणजे टेपच ताणलीय. नवीन आणणे.

४ जुलै
नवीन टेप. तेच माप. हल्ली क्वालिटी कुठे राहिलीय!

८ जुलै, सोमवार
बायको म्हणाली, अहो, पोरगी जेवत नाही. मी म्हटलं, पंधराव्या वर्षी नखरे असतातच. तरी लेकीला विचारलं. मैत्रिणीकडे खाल्लं म्हणाली. विषय संपला. बायकोने विचारलं, कुठल्या मैत्रिणीकडे? ते विचारायचं राहिलं.

१२ जुलै
दप्तराच्या तळाशी तीन दिवसांपूर्वीचा डबा. भरलेला. विसरली असेल. अभ्यास फार असतो.
मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१४ जुलै, रविवार, सकाळी ११
ठरलं. फोन काढून घ्यायचा. बापाने बापासारखं वागायचं.

११.२०
घेतला. दहा मिनिटं पाहिला. बारीक मुली, आणखी बारीक मुली. कोणी बरगड्या दाखवतंय, कोणी मनगटाभोवती बोटं मिळवून दाखवतंय. खाली लोकांनी लिहिलंय, अजून थोडं. संपतच नाही.
लेक समोर उभी. अंगात स्वेटर. मी घामाघूम आणि तिचे हात गार.
फोन परत दिला. एकदम बंद केलं की उलटा परिणाम होतो, असं कुठेतरी वाचलंय. कुठे, आठवत नाही.

१७ जुलै
स्टडी करायला रविवारी स्वतःच्या फोनवर एकच व्हिडिओ शोधला होता. आता माझ्याकडेही तेच सगळं. ब्लाउज कटिंगचे व्हिडिओ गायब. दुपारी ट्रायल रूमच्या आरशासमोर पोट आत ओढून उभा होतो. गिऱ्हाईक बाई हसल्या. मीही हसलो. मग वाटलं, माझं तीन दिवसांत हे झालं. ती किती दिवस बघतेय?
कंट्रोलमध्ये आहे सगळं.

१९ जुलै
दोन मजले चढताना ती मध्येच पायरीवर बसली. बुटाची लेस बांधतेय म्हणाली. पायात चपला होत्या.
सोमवारी डॉक्टरांकडे नक्की. सोमवारी लग्नाच्या ऑर्डरची डिलिव्हरी आहे. मग मंगळवारी.

२२ जुलै, सोमवार
शाळेतून फोन. प्रार्थनेला उभी असताना कोसळली. मशीनवर कापड तसंच सोडून धावलो. दुकान बंद केलं की नाही, आठवत नाही.
डॉक्टर बाई म्हणाल्या, नाडी फार मंद आहे, ॲडमिट करा. हे नखरे नव्हेत, आजार आहे. बरा होतो, पण वेळ लागतो. आणि विचारलं, कधीपासून?
मी म्हटलं, महिनाभर झाला असेल.
बायको म्हणाली, सहा महिने.

२४ जुलै, दुपार
बायको कपडे आणायला घरी गेलीय. लेकीला समजावायचे मुद्दे मनात तयार होते. पाच.
पहिल्यालाच ती म्हणाली, बाबा, सुरुवातीला मजा वाटायची. सगळे छान म्हणायचे. आता मला थांबायचंय, पण थांबता येत नाही.
बाकीचे चार सुचलेच नाहीत. धीराचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर 'मला भीती वाटते' एवढंच बाहेर पडलं.
ती म्हणाली, मलापण.
नर्सने दूध आणून चाळीस मिनिटं झाली. दोन घोट गेलेत. मी शेजारी बसलोय.