डाव्या पायाचा जोडा

मेडशी,
डिसेंबर १९५६

प्रिय सुंदर,

बाबांचा तेरावा पार पडला. तू ओली बाळंतीण, म्हणून तुला आणलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नको. आधी तू एकटीने वाच, मग भाऊजींना सांग.

मी फारसा बोलत नाही, तुला ठाऊकच आहे. लिहिणंही शाळेपुरतंच. पण आता गप्प बसवत नाही. शेवटी शेवटी बाबांचे पाय काठीसारखे वाळले होते. पडल्या पडल्या मला विचारायचे, "गोविंदा, माहे पाय पांघरुणात हायेत का बाहीर?" त्यांना खरंच कळत नसे. सगळे वात म्हणायचे. मीही म्हणायचो.

तेराव्याला आपल्या घराण्याची वंशावळ गाणारा रूपला ढाडी आला होता. त्याने पणजीचं गाणं म्हटलं. रेल्वे आली, बैलांवरून मीठ वाहण्याचा धंदा बुडाला, पणजोबा वाटेतच गेले. मग पणजीने, कमलीबाईने, लादलेले बैल हाकत अख्खा तांडा या डोंगरात आणला. ओढ्याकाठी देवीने "बस" म्हटलं, ती बसली, आणि तिथेच तांडा वसला. तिने रान तोडवून ज्वारी पेरायला लावली. मागे राहिलेल्यांना वाट कळावी म्हणून डाव्या पायाचा जोडा वाटेत टाकला होता, म्हणून आपल्या तांड्याच्या लेकी सासरी निघताना तिच्या नावाच्या ओट्यावर डावा जोडा ठेवतात. तुझा तर कोरा जोडा होता. तू आईपेक्षा त्या जोड्यासाठी जास्त रडलीस, असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

पणजीची हकीकत शाळेतल्या पोरांसाठी लिहून काढावी, असं मनात आलं. बाबांची चुलत बहीण प्रयागबाई पोहरादेवीला लेकीकडे असते. लहानपणी तिने पणजीची सेवा केली होती, म्हणून चार दिवसांपूर्वी तिच्याकडे गेलो. मला वाटलं, देवीच्या गोष्टी ऐकायला मिळतील. तिने आधी बाबांच्या पायांचं विचारलं. मी सांगितलं, तशी तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "देवीनं काही सांगतलं नाही, बाबू. तिचे पायच गेल्ते."

वाटेतला जोडा पणजीने टाकलाच नव्हता. तो पायातून निघून पडला आणि तिला समजलं नाही. मागच्या माणसांनी उचलून आणला, तेव्हा तिने हसून सांगितलं, तुमच्यासाठीच ठेवला होता. तांड्याची नायकीण होती, दुसरं काय सांगणार? पुढे चुलीतला निखारा पायावर पडला, कातडी जळल्याचा वास आला, तेव्हा प्रयागबाईने ओरडून तिला सांगितलं.

आजोबा धरमसिंग बाजेवरून उतरत नसत. नायकाचा तोरा, असं आपण ऐकत आलो. परत येताना मोटारीत मला तो तोरा आठवला आणि मी तिथेच जोडा काढून पाय चिमटून पाहिला. तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणातल्या ओल्या मातीवर पाय ठेवतो आणि डोळे मिटतो. अजून तरी गार लागतं. तेवढं लागलं की शाळेत जातो.

दिवाळीचं तुझं पत्र बाबांना मीच वाचून दाखवलं होतं. तूर बघून येताना तुझी चप्पल वाटेतच राहिली, घरी आल्यावर सासूबाईंनी दाखवलं, आणि त्या म्हणाल्या की कमलीबाईची पणती शोभतेस. तू ते मोठ्या हौसेने लिहिलं होतंस. मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी ते पत्र मागून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. तेव्हा मला त्यांचं कळलं नाही. शनिवारी मी येतो, आपण नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, बाळालाही घे. पण तोवर माझ्याच्याने राहवणार नाही. उलट टपाली एकच ओळ लिही. चप्पल चिखलात अडकली म्हणून सोडून दिलीस, की पायातून गेलेली तुला कळलीच नाही? खरं असेल तेच लिही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, तुझाच भाऊ,
गोविंदसिंग